ओटा कोपरावरून मोजावा

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की घरात आधी रंगाची चर्चा सुरू होते. शटर पांढरं घ्यायचं की पिस्त्याच्या रंगाचं, टाइल चकचकीत हवी की मॅट, हँडल असावं की नसावं. दुकानदार कॅटलॉग पुढं करतो आणि दोन बैठकांत सगळं ठरूनही जातं. ओट्याची उंची, सांडपाण्याचा उतार, फोडणीचा धूर जाण्याची वाट, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम चालले तर वायर टिकेल का, हे सगळं मात्र मिस्त्रीच्या हातात बसलेल्या मापांवर सोडलं जातं. रंग दहा वर्षांनी बदलता येतो. चुकीच्या उंचीचा ओटा मात्र रोज दोन वेळा पाठ दुखवतो आणि तो फोडायला कोणी धजावत नाही. म्हणून या प्रकरणात क्रम उलटा ठेवला आहे: आधी माणूस, मग हवा, मग पाणी, मग वीज, आणि सजावट सगळ्यांत शेवटी.

यासाठी उदाहरण घेऊ लखनौच्या वृंदावन योजनेचं. शहराच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यावर तेलीबागेच्या पुढं पसरलेली ही वसाहत उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेनं वसवली. आपल्याकडे म्हाडा जे काम करते, साधारण तेच काम ही परिषद तिकडे १९६६ पासून करते आहे. वृंदावन योजना इतकी ऐसपैस आहे, की २०२० च्या फेब्रुवारीत देशाचं संरक्षण सामग्रीचं प्रदर्शन, डिफेन्स एक्स्पो, तिच्या सेक्टर १५ मध्ये भरलं होतं. शेजारीच संजय गांधी पीजीआय हे मोठं रुग्णालय आहे. मराठी माणसाला लखनौ तसं परकं नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये तिथं संगीताचं महाविद्यालय उभारलं, ते पुढं त्यांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. आजही मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसनं नोकरीसाठी तिकडे जाणारी कुटुंबं असतात, आणि त्यांच्या सामानात पोळपाट, पुरणयंत्र आणि मसाल्याचा डबा असतोच.

समजा, असं एक कुटुंब वृंदावन योजनेतल्या रांगेतल्या घरात राहायला गेलं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. उजेड आणि वारा समोरून किंवा मागच्या अंगणातून येईल तेवढाच. मे-जूनमध्ये बाहेर लू वाहते, म्हणजे अंग भाजून काढणारा पश्चिमेचा वारा, त्यामुळे दुपारी खिडक्या बंद. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि गारठा, म्हणून पुन्हा खिडक्या बंद. स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट, म्हणजे जेमतेम ५ चौरस मीटरचं. राष्ट्रीय इमारत संहितेनं वेगळी जेवणाची जागा असलेल्या घरात स्वयंपाकघरासाठी किमान क्षेत्रफळ सांगितलं आहे तेही एवढंच, ५ चौरस मीटर, आणि रुंदी निदान १.८ मीटर. म्हणजे आपलं हे कल्पनेतलं स्वयंपाकघर नियमात बसतं. त्यात राहून स्वयंपाक करणाऱ्या बाईला ते बसतं का, हा खरा प्रश्न आहे.

उभ्यानं स्वयंपाक करायची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. चूल आणि तिचा वैल जमिनीवर होता, विळी, पाटा-वरवंटा, परात सगळं जमिनीवरच, आणि बसायला पाट. मोरीही जमिनीलगतच. मुंबईत बर्मा शेल कंपनीनं १९५५ मध्ये घरगुती गॅस विकायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शहरातली शेगडी ओट्यावर चढली. सिलिंडरपेक्षा शेगडी उंचावर हवी, या सुरक्षेच्या नियमानंही ओट्याला हातभार लावला. बाई उभी राहिली खरी, पण ती कोणत्या उंचीच्या ओट्यासमोर उभी राहावी याचा विचार तिच्यासाठी दुसऱ्यांनीच केला.

त्या विचाराचा एक मोठा टप्पा युरोपात घडला. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६ मध्ये कामगारांसाठी नवी घरं बांधली जात होती. तिथं मार्गारेट शूट-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी एक छोटं, आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर त्यांच्या नजरेसमोर होतं. प्रत्येक हालचालीची पावलं मोजली, पिठा-साखरेसाठी ओतायच्या तोंडाचे ॲल्युमिनियमचे खण केले, आणि असे सुमारे १०,००० संच घराघरांत बसवले गेले. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ इथं आहे. माझ्या मते विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांमध्ये त्याची गणना व्हायला हवी, कारण बायकांचे श्रम मोजण्याजोगे आहेत हे त्यानं मान्य केलं. पण त्याच बाईंनी पुढं मोकळेपणानं सांगितलं होतं, की ते आखेपर्यंत त्यांनी स्वतः घर चालवलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता. फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर एकाच माणसासाठी होतं. आपल्याकडे सासूबाई भाजी निवडतात, सूनबाई पोळ्या करते, भांड्यांना ताई येतात, आणि डबा भरायला कोणीतरी मध्येच घुसतं. समोरासमोर दोन ओटे घ्यायचे असतील तर मध्ये चार फूट मोकळे राहिले पाहिजेत. आठ बाय सातच्या खोलीत ते नीट जमत नाही. तिथं काटकोनातला, म्हणजे इंग्रजी एलच्या आकाराचा ओटाच बरा.

आता उंची. बाजारात मिळणारी बरीच तयार मापं पाश्चात्त्य देशांतून आलेली आहेत आणि तिथला ओटा ३६ इंचांचा, म्हणजे ९१ सेंटिमीटरचा असतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवला, की एवढ्या उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ९६ सेंटिमीटरवर येतं. चिरण्यासारख्या कामाला ओटा कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर. पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून तिथं आणखी थोडं खाली हवं, आणि पोळपाटाची स्वतःची उंचीही त्यातून वजा करायची.

खरी अडचण शेगडीपाशी येते, आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. ८४ सेंटिमीटरचा ओटा घेतला. त्यावर दोन बर्नरची शेगडी, तिची जाळी साधारण १२ सेंटिमीटर वर. त्यावर पुरणाचं पातेलं, १५ सेंटिमीटर खोल. काठ आला १११ सेंटिमीटरवर, कोपराच्या चांगला वर. होळीच्या दिवशी पुरण घोटणाऱ्या बाईकडे नीट पाहा: खांदा वर उचललेला, कोपर हवेत, मनगट उलटं वाकलेलं, आणि घट्ट होत जाणारं पुरण हटवायला जोर सगळा खांद्यातून. अर्धा तास हे केलं की संध्याकाळी खांदा धरतो, आणि दोष वयाला दिला जातो. यावर उपाय दोन. शेगडी ओट्याच्या दगडात बसवून घ्यायची, म्हणजे जाळी जवळजवळ ओट्याच्या पातळीवर येते. किंवा शेगडीखालचा ओट्याचा भाग चार इंच खाली घ्यायचा. दुसरा उपाय स्वस्त आहे. दगडाला एक पायरी येते, मिस्त्री कुरकुरतो, पण ऐकू नये. फक्त सिलिंडर आत ठेवायचा असेल तर तो उंच भागाखाली आणि उभाच राहील हे पाहावं.

सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला तर तो जमिनीलगत साचतो, वरच्या खिडकीतून निघून जात नाही. लखनौत ग्रीन गॅस कंपनीचा पाइपचा गॅसही मिळतो. तो नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो, म्हणून त्याला वर झरोका लागतो. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जाताना लोक शेगडीचे जेट बदलून घेतात, झरोक्याचा विचार मात्र राहून जातो.

इथून आपण हवेवर येतो. अवधच्या स्वयंपाकात मोहरीचं तेल फार, आणि त्याचा उग्रपणा जावा म्हणून ते धूर निघेपर्यंत तापवतात. मराठी घरात तेल शेंगदाण्याचं असेल, पण मिरची-लसणाची फोडणी आणि खोबरं-कांद्याचं वाटण भाजताना उठणारा ठसका काही कमी नसतो. म्हणून चिमणी घेतली जाते. पेटीवर तासाला १००० घनमीटर किंवा १२०० घनमीटर असा आकडा छापलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरात हवा मावते जेमतेम १४ घनमीटर. म्हणजे कागदावर ही चिमणी तासाला सत्तर वेळा खोली रिकामी करणार. पण बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत हवा येणार कुठून? लू किंवा धुक्यामुळे दारं-खिडक्या बंद असल्या की पंखा नुसता घरघरतो, ठसका तिथंच राहतो, आणि गिऱ्हाईक आणखी मोठी चिमणी आणतं. दाराखाली दोन बोटांची फट किंवा भिंतीत खाली जाळीचा झरोका ठेवला तर लहान चिमणीही नीट चालते. घरात गॅसचा गिझर असेल तर ही बाब जिवावरची आहे. बंद घरात ओढ लागली की गिझरचा धूर उलटा आत येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो.

चिमणी शेगडीच्या वर ६५ ते ७५ सेंटिमीटरवर असावी. तिची नळी सहा इंची, जमेल तितकी सरळ आणि गुळगुळीत. प्रत्येक वळणावर ओढ कमी होते, आणि सुरकुत्यांच्या लवचीक नळीत तेल साचून राहतं. रांगेतल्या घरात नळी मागच्या अंगणात काढायची झाली तर दोन-तीन वळणं टाळता येत नाहीत. अशा वेळी शेगडीच मागच्या भिंतीकडे सरकवावी. शेगडी आग्नेयेला असावी असा घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. मागची भिंत त्या दिशेला येत असेल तर दोन्ही साधतं. येत नसेल तर मी धुराच्या बाजूनं कौल देईन. आणि खिडकी. संहिता स्वयंपाकघराला थेट मोकळ्यावर उघडणारी, निदान १ चौरस मीटरची खिडकी सांगते. नव्या रचनेत वरच्या कपाटांसाठी हीच खिडकी अर्धी झाकली जाते. ते होऊ देऊ नये.

भिंत पाडून स्वयंपाकघर बैठकीला जोडण्याची हौस सध्या बरीच आहे. रांगेतल्या घरांत नऊ इंची विटांची भिंत बहुधा छताचं वजन पेलत असते. लखनौ भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि परिषदेकडे नकाशाची चौकशी केल्याशिवाय अशा भिंतीला हात लावू नये. पाइप आणि वायरींसाठी खाचा मारतानाही भान हवं: उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच म्हणजे पाऊण इंचच. त्यामुळे पाइप खालून जमिनीलगत आणून हवे तिथं उभे चढवणं चांगलं.

आता ओट्याच्या खालचा भाग, आणि इथं मला मराठी मुलखातली एक जुनी पद्धत मनापासून पुढं करायची आहे. पुण्या-सांगलीकडच्या कितीतरी घरांत ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या लावून कप्पे केलेले असतात आणि त्यांत स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या बसवलेल्या असतात. बाहेरून फक्त शटर लाकडाचं. कडाप्पा पाण्यानं फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि ट्रॉली काढली की आतला कप्पा बादलीभर पाण्यानं धुता येतो. गंगेच्या खोऱ्यातल्या मऊ मातीत वाळवी फार. रांगेतल्या घरात ती शेजाऱ्याच्या भिंतीतूनही येते. तरी तिथं सध्या प्लायवूडच्या पेट्यांची आयती मॉड्युलर कपाटं लावली जातात, कारण ती दोन दिवसांत बसतात.

प्लायच्या सिंकखालच्या पेटीचं दार दोन-तीन वर्षांनी उघडून पाहावं. मागच्या कोपऱ्यात, पाइप जिथून भिंतीत जातो तिथं, तळाची फळी फुगलेली असते. लॅमिनेटची कड उचकटलेली, खाली प्लायचे पदर पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखे सुटलेले. बोट लावलं तर भुसा येतो. गळती थेंबाथेंबाची असते, कित्येकदा तीही नसते, नुसता गार पाइपवर जमलेला दमटपणा असतो. प्लायच घ्यायचा असेल तर निदान सिंकखाली तरी ‘आयएस ७१०’चा, म्हणजे मरीन प्लाय घ्यावा. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. कापलेली प्रत्येक कड, पाइपसाठी पाडलेलं भोकसुद्धा, बंद करून घ्यावी. एमडीएफ वरच्या कपाटाच्या शटरलाही जपूनच वापरावं. कुकरच्या शिट्टीची वाफ रोज त्याच जागी लागली की खालची कड तांदळाच्या दाण्यासारखी फुलते.

ओट्याच्या वरच्या दगडाला मात्र कडाप्पा नको. तो चुनखडीचा दगड आहे, संगमरवरही त्याच जातीचा. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांतल्या आम्लानं त्याचा वरचा थर खाल्ला जातो आणि चट्टे पडतात, ते पुसून जात नाहीत. ग्रॅनाईटला ही बाधा नाही. कृत्रिम क्वार्ट्‌झ दिसायला देखणा आहे, पण तो राळेनं बांधलेला असतो. गॅसवरून उतरवलेला तवा थेट ठेवला तर डाग पडतो, आणि पांढऱ्या क्वार्ट्‌झवर हळदीचं तेल रात्रभर राहिलं की सकाळी पिवळं वर्तुळ दिसतं. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण स्वयंपाकघरात ऊन येतंच असं नाही. गडद ग्रॅनाईटला कंटाळवाणं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पाण्याबद्दल एवढंच: सिंकच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार, जमिनीत नहाणी ट्रॅप, आणि सिंक मोठं. आपली कढई आणि कुकर आडवे मावले पाहिजेत. जागा असेल तर मागच्या अंगणात भांड्यांसाठी बसकी मोरी ठेवावी. भांड्यांना येणाऱ्या ताईंना विचारावं, त्यांना काय सोयीचं आहे. त्या मागच्या मोरीवर बसतील की सिंकपाशी उभ्या राहतील, हे त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.

विजेची मोजणी सोपी आहे. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतं. मायक्रोवेव्ह आणि गिझर याच पट्टीतले. प्रत्येकाला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. मिक्सर आणि फ्रीजला साधे पॉइंट चालतात, पण मिक्सरचा पॉइंट सिंकच्या शिंतोड्यांत नको.

आता सजावट. आधी दिवा. छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्यावर आपलीच सावली पडते. वरच्या कपाटांच्या खालून पट्टीचा दिवा द्यावा, आणि रंग खरे दाखवणारा घ्यावा. कांदा सोनेरी झाला की करपायला लागला, हे पिवळट उजेडात कळत नाही. भिंतीला फिक्या रंगाच्या मोठ्या टाइल, सांधे कमी, आणि शेगडीमागच्या सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी. एवढं झालं की एका पट्टीत हौस करावी. बुलंदशहर जिल्ह्यातल्या खुर्ज्याला चिनी मातीची परंपरा आहे. तिथल्या निळ्या नक्षीच्या टाइलांची एक ओळ ग्रॅनाईटच्या वर फार छान दिसते. मुरादाबादची पितळी भांडी तर प्रसिद्धच. आजीचे पितळी डबे त्यांच्या शेजारी एका उघड्या फळीवर मांडले तर दोन्ही मुलूख एकत्र येतात. लखनवी चिकनचा पडदा खिडकीला शोभेल, पण शेगडीजवळच्या खिडकीला मुळीच नको. देवघर स्वयंपाकघरात असेल तर समईच्या वर लॅमिनेटची फळी येऊ देऊ नये आणि सिलिंडरपासून ते दूर ठेवावं. वर्षाचं धान्य, कुरडया, पापड ठेवायचा माळा थेट गच्चीच्या छताखाली असेल तर उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो. तिथं रिकामी पातेली ठेवावीत, बेसन नको.

काम कधी काढायचं? पावसाळ्यात लाकूड फुगतं, ऐन थंडीत धुक्यामुळे प्लॅस्टर वाळत नाही. दसऱ्यानंतरचे पाच-सहा आठवडे लखनौत सगळ्यांत चांगले. तोडफोड, मग पाइप, मग वायरी, मग टाइल, मग दगड, आणि सुतार सर्वांत शेवटी. या काळात मागच्या अंगणात एक टेबल आणि इंडक्शन लावून घर चालवता येतं.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरावं, खालच्या कप्प्यात कोरडं वर्तमानपत्र अंथरावं आणि बूच काढावं. पाणी भसकन गेलं पाहिजे आणि कागद कोरडा राहिला पाहिजे. मग शेगडीवर तवा तापवून मिरच्या टाकाव्यात, चिमणी लावावी आणि बैठकीत जाऊन बसावं. ठसका लागला तर नळी कुठं दुमडली आहे किंवा हवा आत यायला वाट आहे का, हे ठेकेदार समोर असतानाच बघून घ्यावं. आणि घरात रोज पोळ्या लाटणाऱ्या माणसाला पोळपाट मांडून दहा पोळ्या लाटायला सांगाव्यात. खांदा वर उचलला जात असेल तर पोळ्यांसाठी ओट्याच्या टोकाला तीन-चार इंच खाली, बाहेर ओढता येणारी फळी अजूनही बसवून घेता येते. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.